स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेला माणूस : गोपाळ गणेश आगरकर

मुलांनो, तुमच्यापैकी मोठ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना इथल्या शाळेत भविष्यकाळावरची एखादी इंग्रजी कादंबरी वाचावी लागते. गोष्ट साधारण एकाच साच्याची असते. एक विचित्र समाज असतो. कोणी काय घालायचे, कोणाशी बोलायचे, कोणाशी लग्न करायचे हे सगळे आधीच ठरलेले असते. कोणी प्रश्न विचारत नाही, कारण विचारणाऱ्याला शिक्षा होते. मग एक मुलगा किंवा मुलगी उठते आणि म्हणते, हे मला पटत नाही. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

या गोष्टी काल्पनिक असतात. पण असा समाज खरोखर कधी होता का, असा प्रश्न वर्गात निघाला, तेव्हा आम्ही शिक्षक मंडळी एकमेकांकडे पाहू लागलो. कारण उत्तर फार लांब शोधायला नको होते. तो समाज आपलाच होता. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात, साताऱ्यात, कोकणात आपल्या पणज्या आणि खापरपणज्या त्यात राहत होत्या. आणि त्यात उभे राहून हे मला पटत नाही असे म्हणणारी माणसेही होती. त्यांतल्या एकाची ओळख या अंकात करून देत आहोत. त्यांचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

आधी त्या समाजाचे नियम समजून घेऊ, म्हणजे आगरकरांनी काय केले ते कळेल.

उच्चवर्णीय घरांत मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. म्हणजे आपल्या वर्गातल्या तिसरी-चौथीच्या मुली. नवरा मुलगाही पुष्कळदा लहानच असे. त्या काळी पटकी, देवी, प्लेग असे रोग होते, औषधे नव्हती. नवरा वारला तर ती मुलगी विधवा होई. ती दहा वर्षांची असली तरी तिने पुन्हा लग्न करायचे नाही, रंगीत वस्त्र नेसायचे नाही, मंगलकार्यात पुढे यायचे नाही, असे नियम होते. अनेक जातींत न्हाव्याकडून तिचे केस काढून टाकत आणि पुढे जन्मभर ते वाढू देत नसत. याला केशवपन म्हणत. दुसरीकडे काही जातींना अस्पृश्य ठरवून त्यांना विहिरीवर, देवळात, शाळेत येऊ देत नसत. बायकांनी शिकले तर घरावर संकट येते, असे शहाणीसुरती माणसे मानत.

गंमत अशी की विधवांच्या पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा इंग्रज सरकारने १८५६ सालच्या जुलै महिन्यात केला होता. पण कायदा कागदावर राहिला, कारण खरा पहारा सरकारचा नव्हताच. पहारा होता शेजाऱ्यांचा. नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकत. म्हणजे त्याच्या घरी कोणी जेवायला जायचे नाही, त्याला बोलवायचे नाही, त्याच्या मुलामुलींशी सोयरीक करायची नाही, भटजींनी त्याच्याकडे जायचे नाही, इतकेच काय, घरात कोणी मेले तर खांदा द्यायलाही यायचे नाही. मनातून ज्यांना हे पटत नसे, तेही या भीतीने गप्प बसत. प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरत होता आणि तो दुसरा याला घाबरत होता.

आणि ज्या महिन्यात तो कायदा झाला, त्याच जुलै महिन्यात, १४ जुलै १८५६ रोजी, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ कृष्णाकाठच्या टेंभू गावी आगरकरांचा जन्म झाला.

घरची गरिबी होती. लहानपण बरेचसे कऱ्हाडला आजोळी गेले. शाळा अर्धवट सोडून पोरवयातच त्यांना कचेरीत उमेदवारी करावी लागली. काही दिवस दवाखान्यात औषधे देण्याचे कामही त्यांनी केले. पण शिकायचे हे डोक्यात पक्के होते. शिक्षणासाठी ते कऱ्हाडहून रत्नागिरीला गेले. मध्ये सह्याद्रीचे घाट आहेत, आणि हा प्रवास त्यांनी पायी केला असे सांगतात. तिथे जम बसला नाही म्हणून परत आले. मग नातेवाइकांच्या आधाराने वऱ्हाडात अकोल्याला गेले. तिथे हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी नावाचे विद्वान शिक्षक होते. त्यांनी या मुलाची हुशारी ओळखली. १८७५ मध्ये आगरकर मॅट्रिक झाले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

तिथेही पैशाची ओढाताण होतीच. अंगात घालायला एकच सदरा, रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून कॉलेजात जायचे, ही त्यांची आठवण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण याच कॉलेजात त्यांना दोन मोठ्या गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे पुस्तके. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचे ग्रंथ त्यांनी वाचले आणि कोणतीही गोष्ट जुनी आहे किंवा पोथीत लिहिली आहे म्हणून खरी मानायची नाही, ती आपल्या बुद्धीला पटते का ते पाहायचे, हा धडा घेतला. दुसरी गोष्ट म्हणजे मित्र. तो मित्र होता बाळ गंगाधर टिळक. दोघे एकाच वर्षी जन्मलेले. रात्र रात्र जागून दोघांनी देशाबद्दल वाद घातले आणि ठरवले की सरकारी नोकरी धरायची नाही, लोकांना शिकवायचे.

तेव्हा एम. ए. झालेल्या माणसाला चांगल्या पगाराची सरकारी जागा मिळे. आगरकरांच्या आईने गरिबीत दिवस काढले होते. मुलगा मोठी परीक्षा पास होतो आहे, आता आपले पांग फिटतील असे तिला वाटणे साहजिकच होते. आगरकरांनी तिला पत्र लिहून स्पष्ट कळवले की मोठ्या पगाराची स्वप्ने तिने पाहू नयेत, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालवायचे त्यांनी ठरवले आहे. हे पत्र आज प्रसिद्ध आहे. आम्हा पालकांना मात्र ते वाचताना त्या माउलीची आठवण आधी येते. मुलाने असे पत्र पाठवले, तर आपल्यापैकी किती जण ते शांतपणे वाचतील?

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. एम. ए. होऊन आगरकर त्यांना मिळाले. १८८१ च्या जानेवारीत या मंडळींनी मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ ही दोन पत्रे सुरू केली. ‘केसरी’ म्हटले की सर्वांना टिळक आठवतात, पण ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आत होते.

दीड वर्षातच तुरुंगाची पाळी आली. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत आहे अशी बातमी होती. या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर कडक टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर मजकूर छापला, ती पत्रे बनावट निघाली. आगरकर-टिळकांनी माफी मागितली, तरी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्याआधी जामिनाची वेळ आली तेव्हा महात्मा फुले यांच्या खटपटीने त्यांचे स्नेही रामशेट उरवणे पुढे आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. फुले आणि ही तरुण मंडळी यांची मते पुष्कळ बाबतींत जुळत नव्हती.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघे मित्र एकशे एक दिवस होते आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले. आगरकरांनी या दिवसांवर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ नावाचे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठी रूपांतरही केले. या रूपांतराची एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना आवडेल. न्यू इंग्लिश स्कूलमधल्या हरि नारायण आपटे नावाच्या विद्यार्थ्याने त्यावर लांबलचक टीकालेख लिहिला. विद्यार्थ्याने आपल्याच गुरुजींच्या पुस्तकातल्या चुका काढल्या! पण ज्या गुरुजींनी वर्गात सांगितले असेल की कोणाचे म्हणणे तो मोठा आहे म्हणून मानू नका, त्यांना दुसरे काय मिळणार? हेच आपटे पुढे मराठीतले थोर कादंबरीकार झाले.

तुरुंगातून सुटल्यावर पुण्यात या मित्रांचा जयजयकार झाला. सरकारविरुद्ध किंवा संस्थानच्या कारभाऱ्याविरुद्ध बोललात तर लोक हार घालत. खरी परीक्षा पुढेच होती. आगरकर आता लोकांविरुद्ध बोलू लागले.

‘केसरी’त ते लिहू लागले की लहान मुलींची लग्ने बंद झाली पाहिजेत, विधवांना लग्नाची मोकळीक पाहिजे, मुलींना मुलांप्रमाणेच शिकवले पाहिजे. सोबत्यांना हे रुचेना. टिळकांचे म्हणणे थोडक्यात असे होते की आधी स्वराज्य मिळवू, घरातल्या सुधारणा शिक्षणाने हळूहळू होतील, परक्या सरकारने कायदा करून आपल्या रूढींत हात घालू नये. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पुष्कळ विचारी माणसांना ते पटत होते. आगरकरांचे म्हणणे होते की दोन्ही कामे बरोबरच केली पाहिजेत. जे लोक आपल्याच घरातल्या मुलीबाळींना गुलामासारखे वागवतात, ते स्वतंत्र कसे होणार? आणि ज्या मुलीचे केस आज कापले जात आहेत तिने किती वर्षे थांबायचे? एका पिढीने थांबायचे ठरवले तर त्या पिढीच्या मुलींचे आयुष्य तसेच संपते.

हा वाद इतका वाढला की १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपण सोडले. रात्र रात्र जागून बोलणारे मित्र दूर झाले. एकाच संस्थेत काम करत असूनही मने दुरावली. १८९० मध्ये टिळकांनीही डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली.

१८८८ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी स्वतःचे साप्ताहिक काढले. नाव ठेवले ‘सुधारक’. मराठी मजकूर ते लिहीत आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले नावाचा बावीस वर्षांचा तरुण सांभाळी. पत्राचे धोरण साधे होते. जे भल्याचे वाटते ते कोणाची भीड न ठेवता सांगायचे आणि त्यातले जमेल तेवढे करून दाखवायचे.

‘सुधारका’त त्यांनी काय लिहिले नाही? ‘गुलामांचे राष्ट्र’ या नावाचा त्यांचा निबंध आहे. बायकांच्या कपड्यांवर लिहिलेल्या एका निबंधाचे नावच ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’ असे आहे. आज आपल्याला हसू येईल, पण तेव्हा स्त्रीने काय घालावे यावर घराघरांत पहारा होता. मुला-मुलींना एकाच शाळेत, एकच विषय शिकवा, असे ते म्हणत. मुलामुलींनी मोठे झाल्यावर एकमेकांना पारखून लग्न करावे, असेही ते म्हणत. सोवळेओवळे, जातिभेद, नवससायास, मेल्यानंतरचे विधी, कशालाही त्यांनी सोडले नाही. त्यांची भाषा कधी वकिलासारखी मुद्देसूद, कधी खट्याळ, तर कधी अंगार. पण दर वेळी ते कारण देत. नुसते हे वाईट आहे असे म्हणून थांबत नसत. ते का वाईट आहे, कोणाला त्रास होतो आणि त्याऐवजी काय करता येईल, हेही सांगत.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. घरी त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांची देवपूजा, व्रतवैकल्ये चालत. आगरकरांचा स्वतःचा देवाधर्मावर विश्वास नव्हता, पण आपली मते त्यांनी पत्नीवर लादली नाहीत. बुद्धीला पटल्याशिवाय काही मानू नये, हे ज्याला खरेच मान्य आहे, तो दुसऱ्यालाही जबरदस्तीने काही मानायला लावणार नाही.

१८९१ मध्ये मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा झाला, तेव्हा पुण्यात वादळ उठले. आज आपण हे आकडे वाचून हादरतो. त्या वेळी हा वाढवलेला आकडा म्हणजे धर्मबुडवेपणा, असे हजारो लोकांना वाटत होते. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. शिव्यांची पत्रे आली. आणि पुण्यातल्या कर्मठ लोकांनी एक भयंकर गोष्ट केली. आगरकरांची प्रतिमा तिरडीवर बांधून तिची प्रेतयात्रा काढली आणि ती जाळली. आगरकर जिवंत होते, त्याच गावात होते.

क्षणभर थांबून विचार करा. ते काही परके सैनिक नव्हते. त्यांत ओळखीची माणसे असतील, शेजारी असतील, एखादा माजी विद्यार्थीही असेल. वाळीत टाकणे म्हणजे तू आमच्यासाठी मेलास असे सांगणे. त्या लोकांनी ते नुसते सांगितले नाही, करून दाखवले. आगरकरांनी पुढच्या आठवड्यांचा ‘सुधारक’ काढला आणि कॉलेजात जाऊन नेहमीप्रमाणे शिकवले.

१८८५ साली सुरू झालेल्या फर्ग्युसन कॉलेजचे ते १८९२ मध्ये प्राचार्य झाले. पण दम्याने शरीर पोखरले होते. लहानपणची उपासमार, अतिश्रम आणि काळजी यांनी ते थकले. १७ जून १८९५ रोजी, चाळीसावे वर्ष लागण्याच्या आतच, ते वारले. त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली, तिच्यात स्वतःच्या अंत्यविधीसाठी बाजूला ठेवलेले थोडे पैसे होते असे सांगतात. एकदा लोकांनी खोटी प्रेतयात्रा काढली होती. खऱ्या वेळी कोणावर भार नको, असे त्यांना वाटले असेल. टिळकांनी ‘केसरी’त आपल्या जुन्या मित्रावर मृत्युलेख लिहिला आणि तो सांगताना त्यांना रडू आवरेना, अशीही आठवण सांगतात.

मग आगरकर जिंकले की हरले? त्यांच्या डोळ्यांसमोर तरी फारसे काही बदलले नाही. पण पुढचे पाहा. आगरकर प्राचार्य असताना फर्ग्युसनमध्ये गणिताचे एक मुखदुर्बळ प्राध्यापक होते, धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. ते डगमगले नाहीत. आगरकर गेल्यावर वर्षभरात, १८९६ मध्ये, त्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला आणि १९१६ मध्ये महिलांचे विद्यापीठ काढले. हरि नारायण आपट्यांनी बालविधवेच्या जीवनावर ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी लिहिली, ती वाचून घराघरांतल्या बायका रडल्या आणि पुरुष विचारात पडले. ‘सुधारका’तले तरुण गोखले देशाचे पुढारी झाले आणि गांधीजींनी त्यांना गुरू मानले. १९२९ मध्ये शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचे वय किमान चौदा केले. १९५० मध्ये राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली. हे सगळे एकट्या आगरकरांनी केले असे म्हणणे खोटे होईल. त्यांच्या चाळीस वर्षे आधी, १८४८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती आणि तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाईंनी अंगावर चिखल-शेण झेलले होते. पंडिता रमाबाई, न्यायमूर्ती रानडे असे कितीतरी जण होते. पण आम्हाला वाटते, अशा माणसांचे मुख्य काम हेच असते. एकाने मोठ्याने म्हटले की मनातल्या मनात तेच म्हणणाऱ्या दहा जणांना कळते की आपण एकटे नाही. मग शेजाऱ्यांच्या पहाऱ्याला पहिली चीर पडते.

आता थोडे आपल्याबद्दल, पालकहो. आपण परदेशात राहतो. मुलांनी मराठी बोलावे, सण करावेत, म्हणून शनिवार-रविवारची झोप मोडून त्यांना इथे आणतो. चांगलेच करतो. पण मूल विचारते, हे असेच का करायचे? आणि घाईत आपण म्हणून जातो, आपल्यात असेच असते. हे उत्तर आम्हीही दिले आहे, खोटे कशाला बोलायचे! हा लेख तयार करताना लक्षात आले की आगरकर आयुष्यभर याच एका उत्तराशी भांडत होते. त्यांचे मराठीवर प्रेम आपल्यापेक्षा कमी नव्हते. वाक्य कसे बनते यावर ‘वाक्यमीमांसा’ नावाचे व्याकरणाचे पुस्तक लिहिण्याइतके होते. आपले म्हणून जपायचे, पण डोळे उघडे ठेवून जपायचे. गणपतीची आरती, दिवाळीचा फराळ, आजीची भाषा यांना कारणे सांगता येतात, आणि ती मुलांना पटतातही. ज्याला कारण सांगता येत नाही, आणि ज्याने कोणाला तरी दुखते, ते सोडून द्यायला काय हरकत आहे?

आणि मुलांनो, तुम्हाला एक घरचा अभ्यास. कादंबरी वाचताना आपण नेहमी त्या शूर मुलाच्या जागी स्वतःला पाहतो. या वेळी तसे करू नका. पुण्याच्या त्या रस्त्यावर आपण उभे आहोत आणि समोरून ती खोटी प्रेतयात्रा येते आहे, अशी कल्पना करा. त्यात आपले काका आहेत, शेजारी आहेत, वर्गातले मित्र आहेत. ते हाताने खुणावून बोलावत आहेत. तुम्ही काय कराल? मागे चालाल, खिडकी लावून घ्याल, की त्या संध्याकाळी आगरकरांच्या घरी जाऊन दार वाजवाल? आपले उत्तर आई-बाबांशी बोलून मराठीत दहा ओळींत लिहून आणा. खरे तेच लिहा. खिडकी लावून घेतली असती असे लिहिलेत तरी आम्ही रागावणार नाही. पुढच्या रविवारी त्यावरच बोलू.